आमच्याकडं अर्थिंग आहे

आधी अण्णांचं सांगतो. ते खजुरीचे, आळंद तालुक्यातले. मी खटकचिंचोळीचा, भालकी तालुक्यातला. गावाकडंच राहिलो असतो तर आमची ओळख व्हायचं काही कारण नव्हतं. बंगळूरच्या एका गोदामात मी खोकी बांधायला होतो आणि ते तिथले इलेक्ट्रिशियन. कामाच्या फॉर्मवर 'अडचणीत कुणाला कळवायचं' असा एक रकाना असतो, तिथं मी आजही त्यांचाच नंबर टाकतो. माझ्या हातून जे झालं त्यात त्यांनी मला एकटं सोडलं नाही. हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण पुढचं लिहिताना धीर सुटला तर निदान एवढं तरी कागदावर राहील.

पहिल्या आठवड्यात सुपरवायझरनं मला काहीतरी विचारलं. मी आमच्याकडच्या कन्नडात उत्तर दिलं आणि पाचसहा जण खो खो हसले. तिकडच्या लोकांना आमचं कन्नड निम्मं उर्दू वाटतं. अण्णा शिडीवर चढून ट्यूब बदलत होते. वरूनच मराठीत म्हणाले, "कुठला रं तू? भालकीकडला का?"

"व्हय. खटकचिंचोळी."

"मग तोंड कामून पाडलास? हसू दे त्यांना. मला हितं बारा वर्षं झाली, अजून मी होय जीला 'हौद्री' म्हणलं की हसायलेत."

त्या दिवसापासून ते मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायला लागले. दुपारचा डबा आम्ही त्यांच्या मीटरच्या खोलीत खायचो.

माझी शाळा नववीत सुटली. सुटली म्हणतो, सोडली मीच. शाळेसाठी म्हणून भालकीला जायचो आणि बसस्टँडमागं एक गेमची खोली होती, तिथं तासावर पैसे देऊन बसायचो. वर्षाच्या शेवटी नापास झालो. अप्पांनी मारलं नाही. आठ दिवस माझ्याशी बोललेच नाहीत, आणि नवव्या दिवशी म्हणाले, "उद्यापासून माझ्यासंगं चल." ते दुसऱ्याच्या रानात मजुरीला जायचे. दोन-तीन वर्षं मीही गेलो. अठरा पुरे झाल्यावर बंगळूरची गाडी धरली.

गेमचं वेड मात्र गेलं नाही. फोनवर इतरांचे खेळ बघायचो, कॉम्प्युटर कसा जोडतात ते बघायचो. एकदा सुटीत गावी गेलो तेव्हा भालकीतल्या एका फोटो स्टुडिओवाल्यानं सांगितलं होतं, "लग्नाचे व्हिडिओ जोडायला माणूस पाहिजे. घरी बसून कर. पण मशीन तुझं तू आण, आणि भारी आण." गेमला जे ग्राफिक कार्ड लागतं तेच व्हिडिओलाही लागतं, हे मला माहीत होतं. एकच मशीन, त्याच्यावर खेळायचंही आणि कमवायचंही, आणि तेही घरी, मायच्या हातचं खाऊन. दोन वर्षं मी फक्त ह्या एका गोष्टीसाठी पैसे बाजूला टाकले. मशीन जमलं तर घरी, नाही जमलं तर जन्मभर खोकी, असं मी मनाशी धरलं होतं.

बजेट आम्ही एका फाडलेल्या खोक्याच्या आतल्या बाजूला मांडलं. अण्णांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं. ते म्हणाले, "तुझं रॅम-बीम मला कळत न्हाई. मला करंट कळतो." म्हणून प्रत्येक वस्तूपुढं मी रुपये लिहायचो आणि ते वॅट लिहायचे. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, कार्ड, पॉवर सप्लाय, हे सगळं आत बसवायचा डबा, मॉनिटर. मॉनिटर आणि कार्ड जुनं घ्यायचं ठरलं. कीबोर्ड माझ्याकडं होता.

"ह्यो पंखा लाल-निळा कामून पेटतो?" त्यांनी फोनवर डब्याचा फोटो बघून विचारलं.

"दिसायला, अण्णा."

"कुणाला दिसायला? तुझ्या मायला? काढ त्याला. साधा घे." आणि स्वतःच खोडून टाकला. असं करत करत आम्ही बेचाळीस हजारांपर्यंत आलो. माझ्याकडं तेवढेच होते, वर गाडीभाडं.

यादीत सगळ्यात वर मात्र त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली होती. 'घरची लाईट, वायर, अर्थिंग.' पुढं तीन हजार. ती ओळ मला पहिल्यापासून खुपत होती. मार्केटात दोन कार्डं बघून ठेवली होती, एक लहान आणि एक मोठं, आणि मोठ्याला नेमके तीन हजार जास्त पडत होते. लहान कार्डावर स्टुडिओवाल्याचं काम झालं असतं. माझे गेम नीट चालले नसते.

मी कितीतरी दिवस त्या ओळीकडं बघत होतो. शेवटी अण्णांनीच विचारलं.

"घरी अर्थिंग हाय का?"

"हाय की. आमच्याकडं पहिल्यापासून हाय."

"नक्की?"

"व्हय अण्णा. न्हाणीमागं पाईप ठोकलेला हाय."

"मग झालं," म्हणाले, आणि कानावरचा पेन काढून ती ओळ खोडली.

इथं एक गोष्ट सांगावी लागते. आमच्या गल्लीत अर्थिंग म्हणजे काय, ते. घराला खांबावरून दोन तारा यायला पाहिजेत, एकीनं करंट येतो आणि दुसरीनं परत जातो. आमच्या खांबावरची ती परतीची तार मला कळायला लागल्यापासून मेलेलीच होती. तक्रार करून लोक दमले. मग ज्यानं त्यानं घरामागं एक लोखंडी पाईप जमिनीत ठोकला, त्याला तार गुंडाळली, आणि करंट परत पाठवायचं काम जमिनीला दिलं. त्याला सगळे अर्थिंग म्हणतात. उन्हाळ्यात जमीन सुकली की बल्ब पिवळा पडतो, पंखा हळू होतो. मग घरातलं कुणीतरी ओरडतं, "अर्थिंगला पाणी घाला!" आणि तांब्याभर पाणी ओतलं की पंखा पुन्हा जोरात. पाहुणे आले की माय चहाच्या आधी अर्थिंगला पाणी घालायची. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

अण्णा ज्याला अर्थिंग म्हणत होते ते वेगळं. त्या तारेतून एरवी करंट जातच नाही. मशीनमध्ये काही बिघडलं तर माणसाला धक्का बसू नये म्हणून ती तार असते. शब्द एकच. मला फरक माहीत नव्हता, असं मी पुढं बऱ्याच जणांना सांगितलं. ते पूर्ण खरं नाही. गोदामामागचा अर्थिंगचा खड्डा मी रोज बघत होतो. त्याची तार कुठल्याच बल्बला जात नव्हती. आमच्या पायपाची जात होती. विचारावंसं एकदा वाटलं होतं. विचारलं असतं तर मोठं कार्ड गेलं असतं.

एका रविवारी अण्णा माझ्याबरोबर मार्केटात आले. जुनं कार्ड विकणाऱ्याला त्यांनी ते चालवून दाखवायला लावलं, दोन तास तिथं बसून राहिले. त्यांच्या खोलीत आम्ही मशीन जोडलं. बारीक स्क्रू माझ्या बोटांतून निसटायचे, म्हणून ते त्यांनीच फिरवले. बटण दाबल्यावर पंखे फिरले, पडद्यावर अक्षरं आली. अण्णा म्हणाले, "चालायलंय की रं!" आणि मला पेढा आणायला पाठवलं. मी काम सोडलं, हिशेब घेतला आणि बिदरच्या गाडीत बसलो. डबा सीटखाली, मॉनिटर चादरीत, आणि कार्ड टॉवेलात गुंडाळून मांडीवर. बिदर येईपर्यंत मी ते खाली ठेवलं नाही.

अप्पांनी मशीनभोवती एक फेरी मारली. "ह्याच्यात पीठ बी दळतं का?"

"दळतं," माय म्हणाली, "तुमचं डोकं घाला बरं आत." गल्लीत तिनं सांगून टाकलं होतं, लेकाचं हापिस घरी आलंय. जुन्या लुगड्याचं कापड कापून तिनं मॉनिटरला झाकण शिवलं.

तीन पिनांचा बोर्ड मीच बसवला. तिसऱ्या पिनेला अर्थिंग द्यायचं असतं एवढं मला कळत होतं. म्हणून तिची तार नेऊन मी, घरचा करंट जिच्यातून परत जायचा, त्याच पायपाच्या तारेला जोडली.

पहिले पंधरा दिवस मी सुखात होतो. स्टुडिओवाल्यानं एक लग्न दिलं. सकाळी ते जोडायचो, दुपारी खेळायचो. माय मागं येऊन उभी राहायची. "हे कोण पळायलंय?" "मीच हाय ते, माय." "मग बस की जरा, किती पळायलास." डब्याला हात लागला की बोटांना मुंग्या यायच्या. नवीन मशीन आहे, असंल, म्हणून मी पायात चप्पल घालून बसायला लागलो. कुणाला बोललो नाही.

मग ऊन वाढलं. मशीनवर जोर आला की ते बंद पडायला लागलं. कारण मला ठाऊक होतं. अर्थिंग सुकलं होतं. मी उठून पाणी घालायचो, परत येऊन बसायचो. आधी दिवसातून एकदा, मग दर तासाला. त्या दुपारी मी उठलोही नाही. खेळ ऐन रंगात होता. तेव्हा पडद्यावर लग्नाचं काम नव्हतं, हे मी मुद्दाम लिहितो. मी खेळत होतो. पडदा एकदा थरथरला तसा मी बसल्या जागेवरून ओरडलो, "माय, अर्थिंगला जरा पाणी घाल."

ती भांडी घासत होती. "घालते," म्हणाली. बादली उचलल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं पंखा थांबला आणि पडदा काळा झाला.

मला वाटलं लाईट गेली. "माय, लाईट गेली का?" मी विचारलं. उत्तर आलं नाही. मी खुर्चीत तसाच बसून राहिलो, लाईट यायची वाट बघत. किती वेळ, ते मला सांगता येत नाही. अर्धा मिनिट असंल, जास्तही असंल. मग ध्यानात आलं की शेजारच्या घरातला टीव्ही चालू आहे. गल्लीतली लाईट गेलेली नव्हती.

पायपाची तार ढिली दिसली म्हणून तिनं ती ओल्या हातानं आवळायला घेतली होती. ती सुटून तिच्या हातात आली. घरातून परत निघालेला सगळा करंट त्या तारेच्या टोकाशी येऊन थांबला होता, आणि ती ओल्या मातीत अनवाणी उभी होती. मी गेलो तेव्हा ती भिंतीला टेकून वाकडी झाली होती आणि मूठ उघडत नव्हती. मी खांद्याला धरलं आणि मागं फेकला गेलो. मग घरात पळालो आणि मीटरवरचा फ्यूज ओढून काढला. ती खाली पडली.

भालकीला नेलं, तिथून बिदरला. दोन दिवस ती काही बोलली नाही. डॉक्टर म्हणाले हृदय सावरलंय, हाताचं बघू. तिसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडून पहिल्यांदा विचारलं, "तुझ्या डब्याला काही झालं का?"

मशीनला काही झालं नव्हतं. ओरखडासुद्धा नाही.

दवाखान्याच्या पायरीवरून मी अण्णांना फोन केला. ते तेव्हा सुटीवर खजुरीला आलेले होते, घरी जत्रेचे पाहुणे होते. मी रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकच विचारलं.

"तू अर्थिंग हाय म्हणलास, ते पाणी घालायचं अर्थिंग का?"

"व्हय."

मग म्हणाले, "मी खजुरीचा हाय तम्मा. आमच्या घरी बी तसंच व्हतं. बंगळूरात राहून मी इसरलो. चूक माझी हाय. मी इचारायला पाहिजे व्हतं."

दुसऱ्या दिवशी पाहुणे घरात तसेच सोडून, दोन बस बदलून ते खटकचिंचोळीत आले. बरोबर नवा पाईप, तांब्याची तार, कोळसा आणि मिठाची पिशवी. आधी लाईनमनकडं गेले. त्याच्याशी ते कन्नडात काय बोलले ते मी लिहीत नाही, पण संध्याकाळच्या आत माणूस शिडी घेऊन आला आणि इतकी वर्षं मेलेली ती परतीची तार खांबावर जोडली गेली. मग अण्णांनी आमच्या घरामागं खड्डा खणायला घेतला. मी माती काढत होतो. अप्पा दवाखान्यात मायजवळ होते.

खड्डा कमरेएवढा झाला तेव्हा माझ्यानं राहवलं नाही.

"अण्णा, चूक तुमची न्हाई. मला शंका आली व्हती. कार्डासाठी गप बसलो."

त्यांनी कुदळ थांबवली नाही. मला वाटलं ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगावं म्हणून तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "ऐकलं. आता सांगितलास, बरं केलास. घमेलं दे हिकडं."

रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालून पाईप बसवला, घरातल्या सगळ्या तारा तपासल्या, मी बसवलेला बोर्ड काढून नवा लावला. गल्लीतल्या बाया बघायला आल्या, तर एकेकीला धरून न्हाणीमागचा पाईप दाखवला. "अक्का, ह्याला हात लावू नका. पोराला बी सांगा." एक म्हणाली, "आमच्या घरी तर काही झालं न्हाई." अण्णा म्हणाले, "हिच्या बी घरी न्हाई झालं व्हतं, तीस वर्षं."

सामानाचे पैसे द्यायला गेलो तर त्यांनी माझा हात धरून माझ्याच खिशात घातला. "दवाखान्याला लागतील."

लागलेच. कार्ड बिदरला विकलं, बाकीचं भालकीच्या स्टुडिओवाल्यानंच घेतलं, निम्म्यानं. ते लग्न त्यानं दुसऱ्याकडून जोडून घेतलं. मायच्या उजव्या हाताची दोन बोटं आत वळलेली आहेत, ती आता उघडत नाहीत. भाकरी थापता येत नाही. अप्पा थापतात, जाड आणि वाकडीतिकडी, आणि ती समोर बसून सांगते, "पाणी लावा की कडंला." आम्ही तिघं हसतो. मी फोनवरून हसतो. औषधाला दर महिन्याला पैसे लागतात आणि घरी बसून ते येत नाहीत, म्हणून मी परत बंगळूरला आलो. त्याच गोदामात, अण्णांनीच शब्द टाकून लावलं. निघताना माय म्हणाली, "हितंच राहा की रं, अर्ध्यात भागवू." मी खांद्यावरची पिशवी सारखी करत राहिलो.

दर रविवारी मी फोन करतो आणि पहिलं विचारतो, लाईट नीट हाय का, कुठं मुंग्या येत न्हाईत न्हवं. माय वैतागते. "किती इचारशील?" मला त्याशिवाय आठवडा सुरू करता येत नाही.

अण्णा, तुम्ही येत्या वर्षात काम सोडून खजुरीला जायचं म्हणताय. तुम्ही पैसे घेणार नाही हे मला कळलंय, म्हणून पैशाचं बोलत नाही. तुमचं वय होतंय, आणि तुमची पोरं लांब आहेत. कधी दवाखान्यात बसायला माणूस लागलं, कधी उचलायला खांदा लागला, तर माझा नंबर फिरवा. पगार कापला गेला तरी चालंल, दोन गाड्या बदलाव्या लागल्या तरी चालंल, पाहुणे घरात सोडून यावं लागलं तरी मी येईन. तुमचं हे देणं मी एक दिवस फेडणार आहे, अण्णा.